पत्राचं आतलं पान

माझे सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, डार्मश्टाटला आले, तेव्हा पहिल्या पंधरवड्यात त्यांनी काय काय लॅमिनेट केलं ते आधी सांगतो. ट्रामचं वेळापत्रक, चकलीच्या भाजणीचं प्रमाण, आमच्या घराच्या नोंदणीचा कागद, स्वतःच्या परतीच्या तिकिटाची प्रत, आणि जिन्यात टांगलेला पुट्झप्लान, म्हणजे कुठल्या आठवड्यात कुठल्या बिऱ्हाडाने जिना पुसायचा त्याचा तक्ता. लॅमिनेशनचं यंत्र त्यांना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सापडलं. तिथे दर आठवड्याला काहीतरी भलतंच विकायला येतं; त्या आठवड्यात बटाट्यांच्या पोत्यांशेजारी ही यंत्रं रचून ठेवली होती. सासरे ते खोकं छातीशी धरूनच घरी आले.

त्यांना हसू नये. त्यांची सगळी नोकरी भूमिअभिलेख खात्यात गेली, भूकरमापक म्हणून. जमिनी मोजायच्या, नकाशे काढायचे, जुन्या नकाशांच्या नकला करायच्या. वाळवीने रेकॉर्ड रूममधली अख्खी कपाटं फस्त केलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरचे सातबारे, रेशनकार्ड, मुलीची दहावीची गुणपत्रिका असं सगळं प्लास्टिकमध्ये घालून टाकलं. आपल्याकडे हे घरोघरी चालतं. त्यात पुट्झप्लानचं सगळ्या बिऱ्हाडांनी कौतुक केलं. जर्मन माणूस सहजासहजी कौतुक करत नाही, त्यामुळे सासऱ्यांना भलताच हुरूप आला. मीही हसत होतो. एरवी नको त्या गोष्टींची काळजी करणारं माझं डोकं, पण माझ्या कपाटातल्या पेट्यांकडे त्यांचं लक्ष जाईल हे काही त्यात शिरलं नाही.

त्या पेट्यांमध्ये शिपायांची पत्रं होती. दोन हजार एकमध्ये मी नोकरीसाठी इथे आलो, तेव्हा रविवार खायला उठायचे. दुकानं बंद, रस्ते ओस. मी जुन्या बाजारात हिंडायचो, फ्लोमार्क्टला. तिथे एकदा सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा मिळाला. विकणारा म्हणाला, “हे आता कुणाला वाचता येत नाही.” जुनी जर्मन धावती लिपी होती ती, कुरेंट. आपल्याकडे मोडी पाहून लोक मान हलवतात, तशीच इथे लोक कुरेंट पाहून हलवतात. मी हट्टाने शिकलो. अख्खा हिवाळा लागला.

गठ्ठा निघाला लांडवेअरच्या शिपायांचा, अठराशे सत्तरच्या फ्रान्सशी झालेल्या लढाईतला. लांडवेअरमधली माणसं म्हणजे सैन्यातली नोकरी पुरी करून घरी परतलेली, लग्न झालेली, पोराबाळांची. लढाई लागली की त्यांना पुन्हा बोलावणं. कोवळ्या शिपायांच्या पत्रांत मर्दुमकी असते, यांच्या पत्रांत बटाटे असतात. गोठ्याचं छप्पर थंडीच्या आत शाकारून घे. धाकट्याचा खोकला कसा आहे? आणि शेवटी हटकून एक ओळ: माझी तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी.

ती ओळ मला ओळखीची वाटली. मीही दर रविवारी पुण्याला फोनवर तेच म्हणायचो. आमच्या कंपनीने एका वर्षी माणसं कमी करायला घेतली, तेव्हा सहा महिने मला धड झोप नव्हती. फोनवर मात्र “इकडे सगळं मजेत.” या बाप्यांची पत्रं मी जमवत गेलो ती त्या ओळीपायी. त्यांच्या सैन्यनोंदीच्या पुस्तिका, रजेचे दाखले, डाग पडलेली पोस्टकार्डं, जे मिळेल ते. पण प्रत्येक पत्रात मी एकच गोष्ट धुंडाळायचो, की हा माणूस खरं कधी बोलतो. आणि एकही बोलत नव्हता.

विकत मागवलेली पत्रं टपालाने यायची आणि मी ऑफिसात असायचो. मग पोस्टमन पाकीट तळमजल्यावरच्या आजींकडे द्यायचा. आजी शहाऐंशीच्या, एकट्या, नजर जवळजवळ गेलेली. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं त्यांना. तरी सही ठसक्यात करायच्या. “यात असतं तरी काय?” एकदा त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आठवडाभराने त्यांनी मला आत बोलावलं आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढ्यात ठेवला.

डब्यात त्यांच्या आजोबांची नोंदीची पुस्तिका होती आणि एक पत्र. आजोबा पहिल्या महायुद्धात असेच लांडवेअरमध्ये गेले ते परत आले नाहीत; हे त्यांचं शेवटचं पत्र. एकच कागद, मधोमध दुमडून चार पानं केलेला. पहिल्या पानावर दाट मजकूर, मागच्या पानावर फक्त पत्ता. आतलं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“माझी आजी मला पहिलं पान वाचून दाखवायची,” त्या म्हणाल्या. “पुन्हापुन्हा. मला पाठ आहे. उलटायची वेळ आली की घडी तशीच डब्यात ठेवायची. म्हणायची, पुढचं माझं आहे. ती गेल्यावर माझ्या वडिलांनी उघडलं नाही, त्यांच्या आईने मना केलं होतं म्हणून. मी उघडलं नाही, वडिलांनी उघडलं नव्हतं म्हणून. मग माझे डोळे गेले.”

पुढच्या एक तारखेला त्या आल्टनहाइममध्ये जाणार होत्या. वृद्धाश्रमात. मुलाने ठरवलं होतं, त्यांनी मान्य केलं होतं. त्याआधी त्यांना आतलं पान ऐकायचं होतं. “तिथे मी काही न्यायची नाही. हे मात्र ऐकून जाईन.” हातात तीन आठवडे होते.

पत्र मी वर आणलं, पेटीत ठेवलं, आणि नऊ दिवस उघडलं नाही. घडी वाळून कडक झाली होती, दुमडीवर बारीक चिरा होत्या. उघडताना तुटलं तर? ओलसर हवेत ठेवून सैल करावं, की एखाद्या जाणत्याला आधी विचारावं? रोज संध्याकाळी पेटी उघडायची, बघायचं, बंद करायची. माझा स्वभावच तसा, बायको म्हणते की मी दारही काळजीने उघडतो. आज वाटतं, पहिल्याच दिवशी धीर केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

दहाव्या दिवशी ऑफिसातून आलो तर सासरे दारातच उभे. चेहऱ्यावर असं समाधान की मला आधी वाटलं काही गोड केलंय.

“जावईबापू, तुमचं एक काम करून ठेवलं,” ते म्हणाले. “किती नाजूक झाला होता हो तो कागद. तुम्ही रोज नुसते बघत बसता. आता शंभर वर्षं भीती नाही.”

टेबलावर पत्र होतं. घडीसकट, चकचकीत, चारी बाजूंनी सीलबंद.

मी खाली बसलो. दुसरं कुणी असतं तर ओरडलो असतो. माझ्या वडिलांवरसुद्धा ओरडलो असतो. पण सासरे. पाहुणे. माझ्या तोंडून निघालं, “बाबा, घडी उघडली नाहीत ना तुम्ही?”

“छे! मूळ स्थितीला धक्का लावायचा नाही, हा तर आमचा पहिला नियम.”

बायको स्वयंपाकघरातून आली, तिने पाहिलं आणि तिला कळलं. “बाबा, अहो, ते खालच्या आजींचं होतं. आतलं अजून वाचायचं होतं,” ती म्हणाली. सासऱ्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान ज्या वेगाने उतरलं ते मला बघवेना. त्यांनी यंत्राची वायर काढली, यंत्र खोक्यात घातलं आणि खोकं कपाटावर ठेवून दिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी धारदार पातं घेऊन एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. वाटलं होतं, कडा कापल्या की कागद आतून सुटेल. पण दुमडीच्या चिरांमधून आणि फाटक्या कडांमधून प्लास्टिकचा वितळलेला गोंद आत उतरला होता. आतली पानं जागोजागी एकमेकांना धरून बसली होती. नखाएवढा तुकडा पात्याबरोबर सुटून आला. मी थांबलो. जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “काही करू नका. आणून द्या. कित्येक महिने लागतील, आणि शाई राहील असं वचन मी देणार नाही.” एक तारखेला दहा दिवस उरले होते.

ते दिवस मी चोरासारखे काढले. आजी पावलांवरून माणूस ओळखायच्या, म्हणून मी त्यांच्या दारावरून बूट हातात घेऊन जायचो. इंजिनिअर, चाळिशीचा, मोज्यांवर जिना चढतोय. एकदा दाराआडून आवाज आलाच, “तुम्हीच ना?” मी तिथेच उभा राहिलो. बऱ्याच वेळाने आतली खुर्ची सरकली, मग मी वर गेलो. घरी आल्यावर स्वतःची इतकी लाज वाटली की बायकोलाही सांगितलं नाही. काय सांगू आजींना? उंदराने खाल्लं? आतलं पान कोरंच होतं? हे शेवटचं सांगून टाकायचं मी जवळपास ठरवलंच होतं. त्यांना दिसत नव्हतं. मी सांगेन ते खरं, हे मला सारखं आठवत होतं आणि भीती त्याचीच वाटत होती.

शनिवारी सकाळी सासऱ्यांनी पत्र हातात घेतलं. दोन दिवस ते त्याच्याकडे फिरकलेही नव्हते. खिडकीशी जाऊन त्यांनी ते उजेडावर धरलं, उलटं केलं, पुन्हा धरलं.

“आत एकाच पानावर मजकूर आहे,” ते म्हणाले. “पहिल्या पानाच्या पाठीला. समोरचं कोरं आहे. जावईबापू, दोन नकाशे एकावर एक पडलेत, एवढंच. आमच्याकडे हे रोजचं काम होतं.”

त्यांनी भिंतीवरची मोठी तसबीर उतरवून तिची काच काढली, दोन खुर्च्यांवर आडवी टाकली, खाली टेबललॅम्प ठेवला. मला ट्रेसिंग पेपर आणायला पिटाळलं. आधी त्यांनी पुढचं पान, जे दिसत होतं ते, जसंच्या तसं गिरवून घेतलं. मग पत्र पालथं घातलं. मागून पाहिलं की आतल्या ओळी सुलट दिसत होत्या, पण त्यांच्यात पुढच्या पानाच्या उलट्या ओळी मिसळलेल्या. सासऱ्यांनी पहिली नक्कल पालथी करून शेजारी ठेवली. “यात जी रेघ आहे ती सोडायची. यात नाही ती घ्यायची.”

त्यांना जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं, आणि तेच बरं झालं. मी गिरवायला घेतलं तेव्हा दर दोन अक्षरांनी मला शब्द सुचायचे, आणि जे सुचलं तेच दिसायला लागायचं. ते अर्थाच्या नादी लागतच नव्हते. रेघ कुठे जाड होते, हात कुठे उचललाय, एवढंच बघायचे. शनिवार गेला, रविवार गेला, पुढचे चार दिवस मी ऑफिसात असताना ते वाकून बसलेले. बायको चहा आणून ठेवायची तो तसाच निवायचा. पेन्सिल ते इतकी दाबून चालवायचे की कागदाच्या पाठीला रेघा उमटायच्या.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी कागद माझ्या हातात दिला. “बघा. शेवटच्या दोन ओळी गोंदात गेल्यात. त्या मी बनवून लिहिणार नाही.”

मी वाचलं. एकदा, मग पुन्हा. बायकोने विचारलं, “काय आहे?” इतकी वर्षं जे शोधत होतो ते हातात होतं, आणि वाटत होतं की आजींना हे ऐकवू नये. त्यांनीच सांगितलं होतं, गावाच्या युद्धस्मारकावर त्यांच्या आजोबांचं नाव कोरलेलं होतं. लहानपणी दरवर्षी तिथे फुलं वाहायला नेत असत त्यांना. कोरं होतं असं सांगावं, हा विचार पुन्हा डोक्यात आला, आणि या खेपेला तो चांगुलपणाचा वाटला.

“काय असेल ते असो, वाचून दाखवा,” सासरे म्हणाले. “आणि मी येतो बरोबर. चूक माझी आहे.”

रविवारी आम्ही खाली गेलो. खोलीत खोकी बांधून ठेवलेली होती, भिंतींवर तसबिरींच्या जागी चौकोन दिसत होते. मी आधी लॅमिनेशनचं सांगितलं. सासरे शेजारी मान खाली घालून उभे होते. आजींनी हात पुढे केला. मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी त्यावरून बोटं फिरवली. मग ते नाकाशी नेलं.

“याला वास होता,” त्या म्हणाल्या. “माझ्या आजीच्या कपाटाचा. गेला.”

सासऱ्यांना शब्द कळले नाहीत, पण जे कळायचं ते कळलं. त्यांनी हात जोडले. मी म्हणालो, “ते माफी मागताहेत.” आजी म्हणाल्या, “हो. ऐकलं मी.” माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, पुढेही कधी म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आता वाचा.”

मी वाचलं:

“वरचं पान सगळ्यांना वाचून दाखव. हे तुझ्यापुरतं. मला भीती वाटते. गोळ्या सुटतात तेव्हा नाही, सगळं शांत होतं तेव्हा. माझे हात थरथरतात, म्हणून मी ते खिशात घालून बसतो. इथली पोरं माझ्याकडे बघून धीर धरतात, कारण मी वयाने मोठा. त्यांना मी सांगितलंय की मला काही वाटत नाही. कुणाला तरी खरं सांगायला हवं, म्हणून तुला सांगतो. मुलांना सांगू नकोस.”

“पुढे?”

“पुढच्या दोन ओळी गेल्या. वाचता आल्या नाहीत.”

मला वाटलं, नको होतं वाचायला. मग आजींनी विचारलं, “ते कुठे लिहिलंय? भीती वाटते म्हणून?”

मी ट्रेसिंग पेपर त्यांच्यासमोर पालथा ठेवला, जिकडे रेघा उमटल्या होत्या ती बाजू वर, आणि त्यांचं बोट त्या शब्दावर नेलं. सासऱ्यांच्या दाबून काढलेल्या रेघा त्यांच्या बोटाला लागल्या. त्या शब्दावरून बोट पुढे गेलं, मागे आलं.

“मुलांना सांगू नकोस म्हणाला,” त्या हळूच म्हणाल्या. “गेनाऊ, अगदी तसंच. आजीने नाही सांगितलं. पण मी नात आहे. नातींबद्दल तो काही बोललेला नाही.”

मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. त्यांचं बोट अजून तिथेच होतं.

“मलाही वाटते,” त्या म्हणाल्या. “उद्या तिकडे जायची. मी सगळ्यांना सांगितलंय की मला काही वाटत नाही. माझ्या मुलाला सांगू नका.”

मी मान हलवली. मग लक्षात आलं की त्यांना दिसत नाही, म्हणून तोंडाने म्हणालो, “नाही सांगत.”

सोमवारी त्यांचा मुलगा झिंडेलफिंगेनहून गाडी घेऊन आला. साठीचा, मोटारीच्या कारखान्यात उभी हयात गेलेला, सज्जन माणूस. खोकी गाडीपर्यंत न्यायला सासरे आणि मी लागलो. आजींनी प्लास्टिकमधलं पत्र डब्यात टाकलं होतं, आणि ट्रेसिंग पेपरची गुंडाळी करून ती कोटाच्या खिशात ठेवली होती. गाडीत बसल्यावर त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

मुलाने मला जिन्यात बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, “आल्झो, म्हणजे, तुमच्याशी बोलते ती. घाबरली-बिबरली नाही ना?”

“छे,” मी म्हणालो. “अगदी ठणठणीत आहेत.”